राजीनाम्याचं निळं बटण

आमच्या ऑफिसच्या वेबपेजवर ‘राजीनामा’ असं एक राखाडी बटण आहे. माउस त्यावर आला की ते निळं होतं, क्लिक केलं की अर्ज उघडतो. क्लिक न करता माउस बाजूला नेला तर ते पुन्हा राखाडी होतं, जणू काही घडलंच नाही. हे सगळं मीच लिहिलंय.

मागच्या महिन्यात मॅनेजर मॅडम म्हणाल्या, “नुसता माउस नेला तरी नाव नोंदवा.” दोन ओळींचं काम होतं. चहा गार व्हायच्या आत झालं.

आता ती नावं मॅडमच्या स्क्रीनवर लगेच उमटतात, माझ्याही. स्टोअरमधल्या शिंदेबाई रोज जेवणाआधी त्या बटणावर थांबायच्या आणि परत फिरायच्या. दाराच्या कडीपर्यंत गेलेला हात आपण किती वेळा मागे घेतो. नोकऱ्या काय, संसार काय, त्या मागे घेण्यावरच टिकतात. ते आजवर कुणाला दिसत नव्हतं.

आज शिंदेबाईंची खुर्ची रिकामी आहे. क्लिक त्यांनी केलंच नव्हतं.

त्या दोन ओळी काढून टाकाव्यात म्हणून मी पेज उघडलं. माउस बटणावर क्षणभर रेंगाळला. बटण निळं झालं.

टेबलावरचा फोन वाजला. “जरा केबिनमध्ये येता का?” मॅडम म्हणाल्या.