हात ढिला सोडा

मेहरूनचाचीइतकी भित्री बाई मी नळदुर्गात दुसरी पाहिली नाही. हायवेवर ट्रकने करकचून ब्रेक मारला की तिचा हात छातीवर जायचा. पाल दिसली की सगळा पसारा टाकून ती लांब उभी राहायची. आणि हीच बाई दिवसभर दुसऱ्यांना धीर द्यायची.

ती बाजारात बांगड्या भरायची. काचेची बांगडी बोटांच्या सांध्यावर अडली की भलीभली बाई हात आखडून घेते. मग चाचीचं ठरलेलं वाक्य यायचं, "भ्या वाटतंय तर वाटू द्या ताई. हात ढिला सोडा. आखडला की फुटती." बोलता बोलता ती तळहात असा दाबायची की बांगडी मनगटावर कधी गेली ते कळायचं नाही. तिचा एक नेम होता. सांध्यावर बांगडी अडलेली असताना ती उठायची नाही, तो अपशकुन. एकदा दोन बैल झुंजत पार पसाऱ्यापर्यंत आले, तरी ही डोळे गच्च मिटून गिऱ्हाइकाचा हात धरून बसून राहिली.

तिच्या समोर पप्पूशेठचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान होतं. आत झबली आणि फ्रॉक, बाहेर छातीएवढा उंच स्पीकर. त्यावर लागणारी गाणी मला इथे लिहिता येणार नाहीत. बाईच्या अंगाचं काय काय करायचं ते त्यांत उघड सांगितलेलं असायचं, आणि ते ऐकत आया पोरींना फ्रॉक लावून बघायच्या. बांगड्या भरायला लहान मुलगी आली की चाची तिच्याशी मुद्दाम मोठ्याने बोलत राहायची, गाणं तिच्या कानावर पडू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसायचा.

"चाची, सांगा की त्यांना," मी एकदा म्हटलं.

"न्हाय बाई. लई टगी पोरं बसत्यात तितं. मला भ्या वाटतं."

मलाही वाटायचं.

एके दिवशी माझी ओवी सोबत होती. तेव्हा ती पहिलीत होती. माझा हात चाचीच्या हातात, बांगडी सांध्यावर आलेली, आणि ओवी समोर फ्रॉक बघायला पळाली. गाणं तिच्या ओळखीचं निघालं. स्पीकरपुढे उभी राहून ती कंबर हलवत शब्दन् शब्द म्हणू लागली. तिला अर्थ ठाऊक नव्हता, भोवती जमलेल्या पोरांना होता. एकाने फोन काढला. "आजून एकदा बेटा, तसंच," म्हणत तो खाली वाकला. दुसऱ्याने आवाज वाढवला. मी मारलेली हाक मलाच ऐकू आली नाही. पाय जागचे हलेनात.

तेवढ्यात माझा हात मोकळा झाला. चाची उठली होती. बांगडी सांध्यावर तशीच.

ती फोन आणि ओवीच्या मधे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी बुरखा पसरला. डोळे मिटून ती म्हणाली, "नका रे बाबांनो. लेकरू हाय."

"चाची, तुमी तुमच्या बांगड्या बघा," पप्पूशेठ गल्ल्यावरून हसत म्हणाला. "नाचतंय तर नाचू द्या की."

"आदी फोन खिशात ठिवा. मग जाते म्या."

त्याचं हसू गेलं. "उद्यापासनं आमच्या दुकानापुढं बसायचं न्हाय."

चाचीने ओवीला बुरख्यात घेतलं आणि माझ्याकडे आणलं. तिला धाप लागली होती.

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी दिसली.  तिच्या घरी गेले तर आतून कडी. माझा आवाज ओळखल्यावर तिने दार उघडलं. अंगात ताप होता, आणि गल्लीतून मोटारसायकल गेली की तिची नजर कडीकडे जायची.

"पोरीचं चित्र गेलं का कुटं?" तिने आधी हेच विचारलं.

"माहीत नाही, चाची."

"न्हाय जानार. म्या बुरखा पसरला व्हता. निस्तं काळं आलं आसंल फोनात."

ती उठण्याआधीच फोन सुरू झाला होता, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. ती भीती माझी अजून गेलेली नाही. कोणी फोनमध्ये बघून हसलं की आजही मी वळून बघते.

"आन् ती बांगडी?"

"घरी गेल्यावर फुटली."

तिने त्या तापातच पेटी ओढली, माझा हात घेतला आणि राहिलेली बांगडी भरली.

पुढे ती बसस्टँडजवळ बसू लागली. आम्ही बायका तिथे जाऊ लागलो. पप्पूशेठचा स्पीकर काही बंद झाला नाही. गेल्या हिवाळ्यात चाची गेली. आता तिची सून परवीन त्याच जागेवर बसते, आणि ओवी माझ्या खांद्याला लागते.

परवा परवीनकडे बांगड्या भरत होते. शेजारच्या रसवंतीवर तसलंच गाणं जोरात लागलेलं. आईबाप रस पीत होते आणि त्यांची चिमुरडी स्पीकरपुढे नाचत होती. बाकावरच्या एका माणसाने फोन वर केला.  हात आपोआप आखडला.

"हात ढिला सोडा ताई," परवीन म्हणाली. तिला समोरचं काही दिसलं नव्हतं.

मी हात सोडवून घेतला आणि पदर पसरत त्या पोरीकडे निघाले.  बांगडी सांध्यावर तशीच होती.