अनसूयाकाकूंना गोळी नको
माधव नगरात खबर पसरली की अनसूयाकाकूंनी शेजारच्या सुमीतला काशाची वाटी फेकून मारली. साफ झूठ. वाटी शेवटपर्यंत हातातच होती. सुटली होती ती फक्त जीभ.

काकू बँकेतून रिटायर झाल्या आणि त्यांची झोपही गेली. त्याच सुमारास सुमीतने घराचा होमस्टे केला. त्याच्याकडच्या भाविकांना पहाटेच्या भस्मारतीला न्यायला ऑटो रात्री दीड वाजताच काकूंच्या खिडकीखाली पों-पों करायचे. काकूंनी दुपारचा चहा सोडला, नऊला मोबाइल कपाटात टाकला, रोज तळपायांना तेल लावून काशाच्या वाटीने घासलं. छान गुंगी यायची. पण पों वाजलं की डोळे टक्क!

वर प्रत्येकजण झोपेची गोळीच सुचवायचा. त्या संध्याकाळी काकू अंगणात तळपाय घासत बसल्या होत्या, तर सुमीतही कुंपणावरून म्हणाला, "काकू, अर्धी गोळी घ्या ना! एकदम मस्त नींद!"

काकू वाटीसकट उठल्या.

"भोंपू तुझे ऑटोवाले वाजवणार आणि गोळी मी गिळायची? बीमार मी आहे का रे? घशात घालायचीच तर त्या भोंपूच्या घाल!"

"पण गेस्टना दारातच ऑटो लागतो, काकू. मी काय करू?"

"तू नको करूस. तुझ्याच्याने काय होतंय!"

तेवढ्यात नागपूरचं एक जोडपं बॅगा घेऊन सुमीतच्या दारात आलं. काकू थेट त्यांच्यावरच घसरल्या. "दर्शनाला आलात ना? मग दारापासूनच ऑटोत बसून कसलं दर्शन? पहिली शंभर पावलं अनवाणी चालायची, तोंडातून चकार शब्द न काढता. ऑटो चौकात थांबेल."

बाई बिचकून म्हणाल्या, "इथली पद्धत आहे का ही?"

"आजपासून आहे!"

जोडप्याला ते इतकं भावलं की त्यांनी पुढच्या पाहुण्यांनाही सांगितलं. आठवड्याभरात सुमीतने पाटीच लावली: 'मौन पदयात्रा, आमची खासियत.' ऑटो चौकात गेले. काकूंचा राग मात्र कुठेच गेला नाही. "आमची? चोर कुठला!" म्हणून त्या आता रोज सकाळी सातला ओरडतात, पण रात्रभर गाढ झोपून उठल्यावर.

काकू आठ दिवसांत गोळीवर येतील अशी पैज समोरच्या भार्गवीने, म्हणजे हे लिहिणारीने, लावली होती. हरली. शिक्षा म्हणून दिवाळीपर्यंत तिला काकूंची नक्कल करायला बंदी आहे. लिहायला नाही.