शनिवारचा राजा आणि कौतिकमावशी

शनिवारी दिवस कलला की कौतिकमावशी खराटा घेऊन दाराच्या पायरीवर बसायची. तो झाडायला नसायचा, माणसं हाकलायला असायचा. पंचवटीकडून, मेनरोडकडून, कुठून कुठून लोक सायकलीवर आणि स्कूटरवर आमच्या कॉलनीत यायचे. त्यांना मावशीचा कुत्रा हवा असायचा, कारण तो नाकापासून शेपटीपर्यंत काळा होता. साडेसाती असली की शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली भाकरी घालायची, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असायचं. एरवी आमच्या बौद्धांच्या कॉलनीत पाण्याचा घोट न घेणारी माणसं त्या दिवशी उकिडवी बसून त्याला "घे रे बाबा, खा रे राजा" म्हणायची.

"शनिवारचा राजा!" मावशी खराटा आपटायची. "आन् सोमवारी तुमच्या गल्लीत आला तर धोंडा! न्या ती भाकर घरी. तेल खाऊन माझ्याच दारात ओकतो त्यो."

आणीबाणी उठल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी कॉलनीतल्या युवक मंडळाची पत्रकं लिहायचो. अन्याय दिसला की पत्रक छापायला स्टेन्सिल कापायची, एवढं एकच काम मला येत होतं. मावशी आमच्या बालवाडीत आया होती. मूळची विंचूरकडची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, आणि अख्ख्या कॉलनीच्या पोरांची नाकं तिच्याच पदराला पुसलेली. बालवाडीच्या बाई नव्या पोरांवर पहिल्याच दिवशी शिक्के मारून मोकळ्या व्हायच्या: हा मारकुटा, ही रडकी, हा मठ्ठ. मावशी कोपऱ्यातून म्हणायची, "कवा रडती ती? कुणी काय केल्यावर रडती? त्ये बघा आधी, मंग नाव ठेवा."

कुत्र्यालाही तिचा तोच नियम. कुणी त्याला 'काळ्या' म्हटलं की ती ऐकूच आलं नाही असं करायची. पोरांनी त्याचं नाव ठेवलं होतं मॉनिटर, कारण शेवटचं पोर घरी जाईपर्यंत तो बालवाडीच्या दारातून हलायचा नाही. "कामावरनं नाव पडलंय त्याचं," ती सांगायची, पोराला सरकारी नोकरी लागल्यासारखं.

कॉलनीमागे बंगले होते. तिथं एक अल्सेशियन होता आणि एक पांढराशुभ्र पॉमेरियन. अल्सेशियन चावला की लोक म्हणत, राखण करतोय. पॉमेरियन चावला की, लाडात आलाय. आणि आमच्याकडचं गावठी कुत्रं नुसतं गुरगुरलं की पिसाळलं! या गोष्टीनं माझं डोकं फिरायचं, आजही फिरतं. कूळ बघून गुन्हा ठरवायचा आणि रंग बघून शिक्षा द्यायची, वर शहाणपण मिरवायचं! मी असा सुरू झालो की मावशी शांतपणे म्हणायची, "पत्रकवाल्या, च्या निवला तुझा."

तिला ती दोन्ही कुत्रीही ठाऊक होती. पॉमेरियनचे केस घरातली पोरं ओढतात, म्हणून तो चावतो. अल्सेशियन दिवसभर साखळीला, म्हणून वेडापिसा. "घटकाभर सोडून फिरवा की त्याला," असं तिनं बंगल्याच्या मालकिणीला फाटकाबाहेरून सांगितलंही होतं. मालकिणीनं फाटक लावून घेतलं.

एका शनिवारी मावशी एका पोराला घरी पोचवायला गेली होती, तेवढ्यात मोहनशेठ आले. त्यांचं भांडीबाजारात पितळेचं दुकान. मावशी परत येते तो शेठ रक्ताळलेलं मनगट धरून ओरडत होते, "अंगावर धावून आलं! पिसाळलंय!" लोक जमले. शेठना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मावशी मॉनिटरपाशी बसली, त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि थांबली. त्याच्या पोटाला तेल लागलं होतं.

"भाकर तोंडानं खातो ना त्यो? मंग पोटाला तेल कसं?" तिनं जमलेल्यांना विचारलं. "उताणा केलाय ह्याला. पांढरा केस हाय का बघत होते. एक जरी निघाला तर पुण्य लागत न्हाय म्हणं."

कोण ऐकतो! कॉलनीचे पंच अण्णा, तसे भले माणूस, विहाराच्या ओट्यावर उभे राहून म्हणाले, "काळ्या कुत्र्याचा भरवसा नाही. जात्याच खुनशी असतं ते. लहान पोरं आहेत इथं. उद्या कुत्री धरणारी गाडी बोलवू."

मी उसळलो. "अण्णा, जात्याच? हा शब्द तुमच्या तोंडी?"

अण्णांनी मान फिरवली. गाडी आली म्हणजे मॉनिटर संपला, हे सगळ्यांना माहीत होतं. मी तिथंच कागद ओढला आणि पत्रक लिहिलं: काळा कुत्रा विनाकारण चावत नाही! काळा म्हणजे इमानी! काळ्यावरचा हल्ला हा आपल्यावरचा हल्ला! मावशीला मोठ्यानं वाचून दाखवलं. वाटलं, डोळ्यांत पाणी येईल.

"काळा म्हंजी इमानी?" ती म्हणाली. "कुणी सांगितलं? मागल्या साली नळापाशी एक काळंच होतं, त्यानं माझी पोटरी फोडली. आण्णा म्हणतो काळं खुनशी, तू म्हणतो काळं गुणी. मॉनिटरकडं दोघंबी बघंनात."

"अगं पण मावशी, हा प्रश्न नुसत्या कुत्र्याचा नाहीये!"

"मला कळतंय ना. आपलं भांडण लय मोठं हाय, बाळा. त्ये ह्याच्या गळ्यात नको बांधू, मान मोडंल त्याची. ह्याचं म्हणणं येवढंच हाय, की खाताना पोटाखाली हात घालू नका."

पत्रक मी फाडलं, पण दात-ओठ खात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या आधी मोहनशेठच आले, घामाघूम. डॉक्टरांनी पोटात सुया द्यायला सुरुवात केली होती. कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर पुढच्या सुया बंद. मारला तर सगळ्या घ्याव्या लागणार. "त्याला काही होऊ देऊ नका हो," शेठ अण्णांना हात जोडून म्हणाले. अण्णांनी गाडी थांबवली. "दहाव्या दिवसापर्यंत. मग मी कुणाचं ऐकणार नाही."

मावशीनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मॉनिटरला दाराशी बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा. शेठ रोज दवाखान्यातून थेट यायचे आणि लांबूनच विचारायचे, "खाल्लं का त्यानं? पाणी पितोय ना?" मावशी स्टूल पुढं सरकवायची. सुरुवातीला त्यांनी चहा नाकारला. तिनं आग्रह केला नाही. पुढं एकदा त्यांनीच बशी मागितली.

एके सकाळी शेठ पोट धरूनच बसले. "मावशी, आता नुसती सुई दिसली तरी अंग आकसतं. आज तर कंपाउंडरचा हात पोटाकडं आला आणि मी फाडकन झटकलाच."

"चावला न्हाय ना त्याला?" मावशीनं विचारलं.

शेठ हसले. मग त्यांची नजर मॉनिटरवर गेली आणि हसू तिथंच राहिलं. चहा न संपवता ते उठून गेले.

दहाव्या दिवशी मॉनिटर ठणठणीत होता. शेठच्या सुया बंद झाल्या. आणि संध्याकाळी दोन माणसं घेऊन अण्णा दारात आले. "कौतिकबाई, शब्द दिला होता. सकाळी गाडी येईल." मावशीनं लुगड्याची पट्टी मनगटाला गुंडाळून घेतली.

सुया सुटल्याचं सांगायला आलेले मोहनशेठ स्टुलावरून उठले. "अण्णा, तो धावून आला नव्हता. मीच त्याला उताणा केला. खात होता बिचारा."

"मग इतके दिवस का नाही बोललात?"

"काळं कुत्रं पिसाळलं म्हटलं आणि सगळ्यांना लगेच पटलं. पुढं कुणी काही विचारलंच नाही. मलाही सोयीचं होतं."

अण्णांनी सोबतच्या दोघांना परत फिरायची खूण केली. मग "जयभीम, कौतिकबाई" म्हणाले आणि निघून गेले. गाडी आली नाही.

मावशीनं पट्टी सोडली. शेठना वाटलं असावं, कुत्रा आता येऊन हात चाटेल. मॉनिटरनं अंग झाडलं, थेट शेठच्या स्कूटरपाशी गेला आणि पुढच्या चाकावर पाय वर केला.

"घ्या शेठ," मावशी म्हणाली, "फळ मिळालं तुम्हाला."

काही वर्षांनी मावशी निवृत्त झाली आणि विंचूरला भाचीकडं राहायला निघाली. एसटीत कुत्रा घेईनात, म्हणून शेठनी दुकानाचा टेम्पो पाठवला. ट्रंक, स्टोव्ह आणि मॉनिटर चढवून झाल्यावर मी हट्टानं विचारलं, "मावशी, रंगावरून नाही, कुळावरून नाही. मग कुत्र्याचा स्वभाव ओळखायचा तरी कशावरून? नीट सांग, मला छापायचंय."

ती टेम्पोच्या फळीला धरून हसली. "वळखायची येवढी घाई कशापायी? रोज भेटत जायचं."

दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. मी विंचूरला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. भाची म्हणाली, मॉनिटर आता तिच्या पोरांना शाळेच्या दारापर्यंत सोडायला जातो. मी पत्रकं अजून लिहितो आणि भिंतीही रंगवतो. मावशीचं ते 'रोज भेटत जायचं' एकदा मोर्च्यात घोषणा म्हणून देऊन बघितलं. ओरडून ते म्हणता येत नाही. हळूच म्हणावं लागतं, आणि ज्याला म्हणायचं तो समोर बसलेला असावा लागतो.