आबांना द्यायचा चाकू

सांगतो, पण आधी एक कबूल करा. मी हे सांगितलं असं रावेरला कुणाला कळता कामा नये. तिथं हा किस्सा पोराटोरांनाही पाठ आहे, ते सोडा. माझ्या तोंडून गेला असं नको, एवढंच.

रावेर म्हणजे माझी सासुरवाडी. सासरे, म्हणजे आबा, केळीचे बागायतदार, आणि मी धुळ्याच्या कचेरीत कारकून. लग्नाला दोन वर्षं झाली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सिंधू माहेरी गेली होती, तिला आणायला मी रावेरला गेलो. आमरस ओरपून झाल्यावर आबा मला बाग दाखवायला घेऊन गेले.

आता गप्प बसून बाग बघावी की नाही? पण मला हौस दांडगी. म्हटलं, एक घड मी कापतो. कोयता असा काही फिरवला की घड राहिला झाडाला आणि चीक उडाला माझ्या नव्याकोऱ्या सदऱ्यावर. केळीचा चीक एकदा कपड्याला लागला की कपडा फाटेपर्यंत सोबत करतो. मजूर माना फिरवून हसले. आबा मात्र हसले नाहीत. माझ्या हातातून कोयता हळूच काढून घेत म्हणाले, "राहू द्या जवाईबापू. तुमचा हात लेखनीचा हाये."

हसले असते तर मी सहन केलं असतं हो. पण त्यांनी मला सांभाळून घेतलं, ते फार लागलं. परतीच्या गाडीतच मी ठरवून टाकलं. ह्याच लेखणीच्या हातानं चाकू घडवायचा आणि पुढच्या आखाजीला आबांच्या हातावर ठेवायचा.

धुळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला दगा मिस्तरी लोहार होता. सबंध तालुक्याचे विळे-कुऱ्हाडी त्याच्या हातचे. त्याला विचारलं, घरी चाकू बनवायला सुरुवात करायची तर काय काय घ्यावं? त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भाऊ, नवा मानूसले चारच वस्तू लागतस," तो म्हणाला. "एक हातोडा, एक सांडशी, एक कानस आनि ठोकाले जड लोखंड. बाकी बठ्ठं हातमा ऱ्हास."

वर एक झिजलेली, गंजलेली कानस माझ्या हातात ठेवून म्हणाला, "येनाच चाकू बनाडा, पक्कं पोलाद शे." पैसे घेतले नाहीत.

एवढं ऐकून मी घरी आलो असतो तर आज तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण कारकुनी डोकं! मी विचार केला, बाकी सगळं हातात असतं म्हणतो, आणि माझ्या हातात तर काहीच नाही. मग जे हातात नाही ते अवजारात नको का? म्हणजे लोहाराला चार वस्तू लागत असतील तर मला बारा लागणार. हे मला इतकं पटलं की मी तडक जुन्या बाजारात गेलो.

हातोडे तीन घेतले. लहान, मधला, आणि तिसरा घण, जो मी आजवर खांद्याच्या वर नेऊ शकलेलो नाही. सांडश्याही तीन. त्यातली एक निव्वळ तिची चोच आवडली म्हणून घेतली. कानशी चपटी, गोल आणि तिकोनी. चामड्याचा भाता घेतला तो आमच्या पलंगापेक्षा लांब निघाला. धार लावायचं चाक घेतलं, पण ते फिरवायचा पायटा कुठंतरी हरवलेला होता. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे ऐरण. ती बैलगाडीतून आली आणि चौघांनी उतरवली. सिंधू दारात उभी राहून सगळं पाहत होती. तिनं एवढंच विचारलं, की चाकू केवढा करणार आहात?

ऐरण ठेवली तर ती डुगडुगायला लागली. खाली काहीतरी सरकवायला हवं होतं. दगा मिस्तरीची गंजकी कानस तिथं चपखल बसली.

हो, त्या कानशीचाच चाकू करा म्हणाला होता; पण आबांना द्यायचा चाकू काय असल्या भंगारातून करायचा? मी जिनिंग प्रेसमधून कापसाच्या गाठी बांधायची लोखंडी पट्टी आणली. नवी, सरळ, गंजाचा ठिपका नाही. शिवाय पातळ, म्हणजे ठोकायचे कष्ट कमी.

मग दिवाळीनंतर पंधरा दिवसांची रजा काढली आणि अंगणात भट्टी पेटवली. सकाळी चहा झाला की ठणठण सुरू, ती दिवेलागणीपर्यंत. तापलेला चाकू तेलात बुडवतात असं कळल्यावर सिंधूचं शेंगदाण्याचं तेल भट्टीवर गेलं. शेजारच्या अक्कांनी आमच्याकडे येणं सोडलं. शेवटी सिंधूनं वैतागून माहेरी कार्ड टाकलं.

बाराव्या दिवशी चाकू तयार झाला. दिसायला सुरेख, मूठही चांगली बसली होती. मी तोंडाला काजळी फासलेल्या अवतारात त्याच्याकडे बघत बसलो होतो, तोच दारात टांगा थांबला. आतून आबा उतरले. मागून ज्वारीचं पोतं उतरलं, केळीचा घड उतरला. रावेर ते धुळे, भुसावळला आणि चाळीसगावला गाडी बदलून, एवढं ओझं घेऊन हा माणूस न कळवता आला होता.

मला काय वाटलं असेल? वाटलं, माझी कीर्ती रावेरला पोचली.

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग भात्याकडे, ऐरणीकडे, सांडश्यांकडे. खाटेवर बसून हळू आवाजात म्हणाले, "हे कधीपासून?"

"बारा दिवस झाले आबा. अजून हात बसायचाय, पण बसेल."

"साहेबानं काही ऐकून नाई घेतलं?"

"साहेबांनी एका शब्दानं विचारलं नाही. कागद पुढं केला तशी सही केली. म्हणाले, जा, मोकळे व्हा."

आबांनी डोळे मिटले. मला वाटलं, प्रवासानं दमले असतील.

"मी हाये ना," ते म्हणाले. "माह्या केयीच्या बागात या. दोघं या. कोनी एक शब्द बोलनार नाई तुम्हाले."

माझा ऊर भरून आला. ज्या बागेत माझा हात लेखणीचा ठरला, त्याच बागेत आबा मला कारखाना काढून देत होते. मी विचारलं, "भातासुद्धा आणू का?"

आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. तेवढ्यात सिंधू पाणी घेऊन बाहेर आली. पोतं बघितलं, बापाचे डोळे बघितले, आणि तिच्या सगळं ध्यानात आलं.

"आबा, यायची नोकरी हाये," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "रजा काढली यायनं."

मग उलगडा झाला. सिंधूनं कार्डावर लिहिलं होतं, की हे दिवसभर घरीच असतात आणि लोखंड ठोकतात. पुढं काय काय आणलं त्याची यादी. तीन हातोडे, तीन सांडश्या, तीन कानशी, भाता, चाक, ऐरण. यादीतच कार्ड भरलं, आणि रजेचं लिहायला जागा उरली नाही. दगा मिस्तरीचं ऐकून चारच वस्तू घेतल्या असत्या, तर रजा कार्डात सहज मावली असती. आणि कार्ड म्हणजे काय, पोस्टमनपासून सगळ्या गावानं ते आधी वाचलं. जावयाची नोकरी गेली आणि पोटासाठी लोखंड ठोकतो, हे आबांना कार्डाच्या आधी पारावर कळलं होतं.

आबा पोटभर हसले. मीही हसलो, दुसरं करणार काय? सिंधू म्हणाली, आबा, उगीच एवढं पोतं वागवलंत, जाताना परत न्या. आबा हो म्हणाले.

तेवढ्यात मला राहवलं नाही. चाकू त्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, आबा, तुमच्यासाठीच केलाय.

त्यांनी तो फार मायेनं फिरवून पाहिला. घडातलं एक केळं तोडलं. पिकलेलं, पिवळंधमक. त्यावर चाकू ठेवला आणि दाबला. चाकू वाकला. केळं जसंच्या तसं.

आबांनी तो गुडघ्यावर धरून सरळ केला आणि परत माझ्या हातात दिला. मग खाली वाकून ऐरणीखालची कानस जराशी ओढून पाहिली. तिच्यावर नखानं टिचकी मारली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा होती तिथं सरकवून ठेवली.

"सिंधू," ते म्हणाले, "जवारी राहू दे इथीच."

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी आखाजीला बागेत बोलले होते त्याच आवाजात म्हणाले, "जवाईबापू, नोकरी मात्र सोडू नका."

रजेचे तीन दिवस शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर साडेदहाला मी कचेरीत हजर होतो.