प्रज्ञाचं पेरूचं क्रिस्प

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, आणि सांगताना माझं डोकं तापतंय — माझ्याच नावानं.

प्रज्ञा माझी सून. हैदराबादच्या डॉक्टरांनी तिला गहू कायमचा बंद केलेला. कणभर जरी पोटात गेला तरी आतडी सुजतात म्हणे. म्हणे! हा शब्द तेव्हाही माझ्या तोंडी असायचा. माझी आई लोकांच्या शेतात राबायची, मजुरीत ज्वारी मिळायची. पोळी फक्त सणाला. मी शिकले, गुडीहत्नूरला शिक्षिका झाले, तेव्हा कुठे आमच्या घरात रोज पोळी आली. आणि ही पोरगी माझी पोळी बाजूला सारून भाकरी मागते? तिची भाकरी थापताना मी आतून जळायचे.

त्या दिवशी तिच्या मैत्रिणी येणार होत्या. तिनं पेरूच्या फोडी गूळ-दालचिनीत घोळवल्या, क्रिस्पच्या वरच्या कुरकुरीत थरासाठी ज्वारीचं पीठ परातीत काढलं — आणि अंघोळीला गेली. काय सुचलं मला? सुचलं कसलं, ठरवलंच होतं. दोन मुठी कणीक मी त्या पिठात मिसळली. हिला काही झालं नाही, की हिचे नखरे चारचौघींत उघडे पाडायचे, एवढंच डोक्यात. ओव्हनमधून वास सुटला तेव्हा मी खूश होते हो! मैत्रिणींसोबत तिनं दोनदा वाढून घेतलं. "आई, आज काय मस्त कुरकुरीत झालं ना!" म्हणाली.

संध्याकाळपासून उलट्या. मग तीन दिवस सलाईन. मी तिच्या उशाशी बसले, पाठ चोळली — आणि डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, तेव्हा खरं बोलले नाही. उलट मीच म्हणाले, चक्कीवाल्यानं गव्हावर ज्वारी दळली असेल. किती सहज आलं ते जिभेवर!

तिथं तरी थांबावं ना? नाही. प्रज्ञा हिंडू-फिरू लागल्यावर तिला घेऊन मी चक्कीवर गेले. भर गिऱ्हाइकांत त्या म्हाताऱ्या चक्कीवाल्यावर ओरडले, "काऊन हो, माह्या सुनेच्या जिवावर उठले का तुमी?"

तो दरवेळी आमच्यासाठी चक्की झाडून, पुसून, मगच ज्वारी टाकायचा. मला ठाऊक होतं. मी समोर उभी राहून पाहिलेलं होतं.

त्यानं प्रज्ञाकडे पाहिलं. पिठानं माखलेले हात जोडले. "चुकलं असन बाई माह्याच्यानं. पोरीले लय तरास झाला."

आणि मी म्हणाले, "आता पुन्हा असं करू नोका."