अक्कांच्या कडक भाकरी

तव्यावरच्या भाकरीचे तीळ खमंग भाजले आणि चाळीस वर्षांपूर्वीचं, सीमेपलीकडचं आळंद गाव आठवलं. नवऱ्याची बँकेत बदली झाली, म्हणून मी रत्नागिरीहून तिथे नवीच गेले होते. शेजारच्या अक्कांनी ज्वारीच्या कडकडीत भाकरींची चळत आणून दिली. शिळ्या दिल्या, असं वाटून मी रागाने त्या गाईपुढे टाकल्या. गाय अक्कांचीच!

दुसऱ्या दिवशी त्या मऊ, गरम भाकरी घेऊन आल्या. "कडक आवडंना व्हय गं? कामून बोलली न्हाईस?"

नव्या घरात आठ दिवस तरी मला चुलीशी झटावं लागू नये, म्हणून त्यांनी दिवसभर थापून त्या भाकरी मुद्दाम वाळवल्या होत्या. हे मला पुढे त्यांच्या सुनेने सांगितलं; अक्का कधीच बोलल्या नाहीत.

आज समोर परगावचं बिऱ्हाड उतरलंय. या कडक भाकरी देताना मी मात्र आधीच सांगणार आहे, शिळ्या नाहीत हो!