बिनग्रीसचा सांधा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे काचकाका म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी ज्वालेवर नळ्या वळवल्या, भांडी घडवली. पण छापील शोधनिबंधात त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं. या वेळी प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी तसा शब्द दिला होता. काकूंनी तर तो अख्ख्या इमारतीला सांगूनही टाकला होता.

काम तसंच मोठं होतं. भांड्यात पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सरांनी बनवलेली चिमूटभर पिवळी पूड. वरून दिवा लावला की त्या वायूचं मिथेन, म्हणजे चक्क इंधन व्हायचं. सांध्याला ग्रीस लावलं तर प्रकाशात तेही मिथेन सोडतं, म्हणून काकांनी झाकण महिनाभर हातानं घासून असं बसवलं, की ग्रीसचं नावच नको.

मिथेन निघालं. सर नाचायचेच बाकी होते.

काकांना मात्र आपलं भांडं उलटसुलट तपासायची खोड. त्यांनी पूड तीच, दिवा तोच ठेवला आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी आरगॉन वायू भरला. त्यात कार्बन औषधालाही नसतो. तरी यंत्रानं मिथेन दाखवलं, अगदी तेवढंच.

"सर, पुडीतच काहीतरी राहिलंय. बनवतानाचं रसायन नीट जळलं नसेल. पुन्हा भट्टीत घालून बघू या."

"काका, तुम्ही काच फुंका, रसायन माझ्यावर सोडा," सर हसले. "की निबंधात नाव नकोय?"

नाव हवं होतं. काकांनी आरगॉनचा विषय सोडून दिला.

निबंध आला, त्यात नाव नव्हतं. "राहूनच गेलं हो," सर म्हणाले.

आठ महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत कुणीतरी आरगॉन भरून पाहिला आणि सरांना निबंध मागे घ्यावा लागला. मागे घेतल्याची छापील सूचना घेऊन सरांची विद्यार्थिनी काकांच्या खोलीत आली.

"काका, तुमचं नाव आलंय." तिचा आवाज खाली गेला. "सरांनी लिहिलंय, मिथेन सांध्याच्या ग्रीसमधून आलं. आणि भांडं कुणी बनवलं, ते."

काकांनी कपाटातून भांडं काढलं, सांध्यावरून बोट फिरवलं आणि तिच्यापुढे धरलं. बोट कोरडं ठणठणीत.

"तुला तर माहीत आहे."

"आहे, काका. पण माझ्या पदवीवर सरांची सही व्हायचीय."

काकांनी भांडं परत कपाटात ठेवलं. तेव्हा तेही बोलले नव्हतेच.

घरी काकूंनी दारातच विचारलं, "आलं का हो नाव?"

"आलं."

"मग दाखवा की! शेजारचे रोज विचारतात."